कंसातलं मशीन वाचत नाही

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

सुप्यात दाखल. भोसरीत नऊ वर्षं घासली, तिथे खुर्चीसुद्धा दुसऱ्या शिफ्टच्या माणसाबरोबर वाटून घ्यावी लागायची. इथे काचेची स्वतंत्र केबिन, एसी, दोन स्क्रीन आणि दारावर कागदी पाटी: करण सोनवणे, प्रोग्रामर. पाटी तिरकी चिकटवली होती, ती आल्या आल्या सरळ केली. टूल विकणाऱ्याने फुकट दिलेली ही जाडजूड वही दोन वर्षं पडून होती. म्हटलं, नव्या नोकरीबरोबर हिचाही मुहूर्त करू.

कारखाना लहान, सहा मशीन. मालक राधाकृष्णशेठ शिंगणापूरकडचे. त्यांच्या ऑफिसला दारच नाही, नुसती चौकट. मी बघत राहिलो तर म्हणाले, आमच्याकडे घराला दार नसतं आणि चोराला वेस ओलांडता येत नाही. सुपरवायझर बजरंग दहावी नापास आहे, पण मशीनच्या आवाजावरून टूल बोथट झालंय हे सांगतो. त्याने मला दिवसभरात दोनदा ‘कम्प्युटरवाले’ म्हटलं. एकदा चालतं.

माझं काम काय, हे आईला दहा वेळा सांगून कळलेलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. ड्रॉइंगवरून जॉब कम्प्युटरवर उभा करायचा. कोणतं टूल कुठून शिरेल, किती खोल, किती वेगाने, ते ठरवायचं. मग सॉफ्टवेअर त्याचा प्रोग्राम काढून देतं, चार-पाच हजार ओळींचा, आणि मशीन त्या ओळी एकामागून एक पाळतं. कुरकुर नाही, उलट उत्तर नाही. बजरंगपेक्षा बरं.

फक्त कंसात लिहिलेलं मशीन वाचत नाही. ते माणसासाठी असतं: कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कोणतं टूल लावायचं. मशीनच्या स्क्रीनला मराठी अक्षर येत नाही, म्हणून मी कंसात इंग्रजी अक्षरांत मराठी गमती लिहितो. भोसरीत माझ्या कंसांचे चाहते होते. पथ्य एकच, कंस उघडला की बंद करायचा, नाहीतर त्यापुढचं सगळंच मशीन वाचायचं सोडून देतं. कंसाला शेवटी मारावंच लागतं, असं शेठना म्हटलं. नावाला जागून ते मनापासून हसले.

तीन नंबरचं मशीन ताडपत्रीखाली झाकलेलं आहे. बोर्ड गेलाय म्हणे. जेवायला हायवेवर शेवभाजी, झणझणीत. बरं वाटलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दगडाबाई मशीनखालचा बुरादा उचलते. ती तीन नंबरच्या समोरून कधी जात नाही, मागून वळसा घालते. विचारलं तर म्हणाली, तिकडं ओलं हाय. तिथे खडखडीत कोरडं होतं. चहाच्या वेळी मात्र आपणहून बोलली.

दीड वर्षापूर्वी तिथे एलिया नावाचा ऑपरेटर गेला. नगरचा, ख्रिस्ती घरातला. टूल सुसाट खाली आलं ते जॉब धरणाऱ्या वाइसच्या जबड्यावरच. जबड्याचा तुकडा उडाला आणि उघड्या दारातून याच्या गळ्यात बसला. मशीनला सरकतं दार असतं, ते उघडलं की मशीन थांबावं म्हणून आत एक स्विच असतो. इथे सहाही मशीनच्या स्विचला तार जोडून टाकली होती, दार उघडझाप करण्यात वेळ जातो म्हणून. शेठ तेव्हाही शिंगणापूरचाच विनोद करायचे.

अहवालात आलं, ऑपरेटरचा हलगर्जीपणा. नवा प्रोग्राम प्रूव्ह न करता चालवला. प्रूव्ह करणं म्हणजे नवा प्रोग्राम पहिल्यांदा एकेक ओळ करून, हात बटणावर ठेवून चालवून बघणं. झाला की वर कंसात ‘प्रूव्हन’ लिहायचं, मग पुढचा माणूस निर्धास्त चालवतो. याने तेवढंही केलं नाही म्हणायचं.

दगडाबाईला ते पटत नाही. म्हणाली, “लई वाचायचा ओ तो. बाकीचे बटन दाबून मोकळे. ह्यो कंसातलं बी वाचायचा.”

मी मनात म्हटलं, एवढं वाचून वाचला तर नाहीच. वाक्य जमलं म्हणून इथे टिपून ठेवलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

पंपाच्या एका ब्रॅकेटची जुनी ऑर्डर पुन्हा आली. मोठा जॉब आहे, फक्त तीन नंबरवर बसतो. ताडपत्री काढली. बोर्डाला काहीही झालेलं नव्हतं, लोकांना तिथे उभं राहायचं नव्हतं एवढंच. जुना प्रोग्राम मशीनच्या मेमरीत आहे, तो बघून घ्या, असं बजरंग म्हणाला. त्यावरच तो गेला, हेही म्हणाला.

उघडला. पहिली ओळ: (के. एस. ११-०८-२३). दुसरी ओळ: (प्रूव्हन).

के. एस. म्हणजे करण सोनवणे. मथळ्याची ठेवण माझी, टूलची नावं लिहायची पद्धत माझी, चौथ्या ओळीतला ‘टूल बघ रे राजा’सुद्धा माझा.

तेव्हा मी भोसरीत एका दलालाकडून घरी वरकड कामं घ्यायचो. ड्रॉइंग मेलवर यायचं, प्रोग्राम मेलवर जायचा. कुठल्या गावी, कुठल्या मशीनवर, काही ठाऊक नसायचं. हे काम एका दुपारी उरकलं होतं. वाइस मी कम्प्युटरवर मांडलाच नाही. स्क्रीनवर टूल मोकळ्या हवेतून गेलं, इथे त्या जागी लोखंड होतं. आणि ‘प्रूव्हन’ माझ्या मथळ्यात आधीपासून टाकलेलंच असायचं. ते काढायचं राहिलं. खरं लिहायचं तर राहिलं नाही, ठेवलं. न चालवलेला प्रोग्राम म्हटला की गिऱ्हाईक दहा प्रश्न विचारतं.

म्हणजे एलियाने वाचलं होतं. मशीन कंस वाचत नाही, माणूस वाचतो.

चौकशीला आलेल्यांनी हा कंस उघडून बघितला नाही. शेठ आणि बजरंग, दोघांनी प्रोग्राम नवा होता एवढंच सांगितलं, आणि तार आधीच काढून ठेवली.

मी त्या दोन ओळी खोडल्या. अर्धं मिनिट लागलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. दुपारी जेवण गेलं नाही, एवढंच.

१२ फेब्रुवारी, बुधवार

एलियाची बायको आली होती. एस्तेरबाई, नगरला शाळेत शिकवतात. दर महिन्याला एक खेप घालतात म्हणे, शेठ भेटत नाहीत. आज वॉचमनने माझ्याकडे पाठवल्या, शिकलेले साहेब आलेत म्हणून.

बाईंना पैसे नकोत. तो एक शब्द खोडून हवा आहे, हलगर्जीपणा. मुलीच्या वर्गातली पोरं तिला त्यावरून बोलतात. २६ तारखेला शेवटची सुनावणी आहे. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की प्रोग्रामच्या वर काय लिहिलंय ते बघून सांगा. एलिया घरी स्वयंपाकाच्या तेलाच्या पिशवीवरचा मजकूरसुद्धा वाचल्याशिवाय पिशवी फोडत नसे. प्रूव्हन लिहिलेलं असल्याशिवाय तो सलग चालवणार नाही, असं त्या शांतपणे सांगत राहिल्या.

मी तीन नंबरवर नेऊन स्क्रीन दाखवली. म्हटलं, “बघा बाई, तसं काही लिहिलेलं नाही.”

शब्दाशब्दाने खरं होतं ते. बाईंनी स्क्रीन वरपासून खालपर्यंत वाचली. बोटाने ओळ धरून, शाळेत धरतात तशी. मग म्हणाल्या, “प्रभूच्या प्रार्थनेत एक ओळ आहे, आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा केली आहे अशी. दीड वर्ष झालं, दर रविवारी मी तेवढी ओळ गाळते. ज्यानं केलं तो सापडेपर्यंत गाळणार.”

मी चहा विचारला. नको म्हणाल्या.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पाच नंबरवर विचित्र प्रकार. प्रोग्राममध्ये सवयीने एक कंस टाकला होता, (आधी चहा मग काम). मशीन नेमकं त्या ओळीवर थांबलं. थांबायची आज्ञा कुठेच नाही, मी तीनदा तपासलं. सायकल स्टार्टचं बटण दाबलं तरी ढिम्म. ऑपरेटरने गंमत म्हणून चहाचा ग्लास आणून समोरच्या टेबलावर ठेवला, तर सुरू झालं. सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरा.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दोन नंबरवर (हळू बाई सासरी आलीस) असं लिहिलं होतं. आठ मिनिटांचा जॉब चाळीस मिनिटं चालला. आकडे बरोबर, वेग बरोबर, टूल मात्र गोगलगायीसारखं.

बजरंग म्हणाला, “कम्प्युटरवाले, तुमचं मशीन कंस वाचाया लागलं जनू.” तो चेष्टेत म्हणाला. माझ्या पाठीला घाम आला. एसी अठरावर होता.

आजपासून कंसात काही लिहिणार नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

लिहिलं नाही तरी येतंय. सॉफ्टवेअरमधून कुठलाही प्रोग्राम काढला की वर दोन ओळी. (के. एस. ११-०८-२३). (प्रूव्हन). मथळ्याची फाईल रिकामी केली. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. तरी त्याच दोन ओळी, आजच्या जॉबवर दीड वर्षापूर्वीची तारीख.

प्रत्येक प्रोग्राम हाताने साफ करून मशीनला देतो. बजरंगने दोनदा विचारलं, एवढा वेळ कशाला. त्याच्यावर खेकसलो. दगडाबाई कोपऱ्यातून माझ्याकडे बघत होती. पूर्वी तीन नंबरकडे बघायची तशी.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज तिसरी ओळ आली.

(मी वाचलं होतं)

अक्षरं इंग्रजी, मराठी माझी नाही. मी असं साधं लिहीत नाही.

खोडली. कागदावर घेतला प्रोग्राम, तिथेही छापून आली, आणि खाली आणखी एक.

(म्हणून वाचलो नाही)

हे माझं वाक्य. या वहीतलं. सहा तारखेचं. ही वही कुणीही बघितलेली नाही, ती माझ्या बॅगेत असते. मला राग आला, खरंच राग आला. मेलेल्या माणसाने माझं वाक्य घ्यावं? चूक माझी एकट्याची होती का? तार कुणी जोडली? दार कुणी उघडं ठेवलं?

मग आठवलं, वाक्य त्याच्यावरूनच केलं होतं मी.

२२ फेब्रुवारी, शनिवार

नोकरी गेली खड्ड्यात. सकाळी बॅग भरली, शेठना फोन केला की आई आजारी आहे. शेठ म्हणाले, ब्रॅकेट काढून द्या आणि खुशाल जा. मी फोन ठेवला आणि पुण्याची एसटी धरली.

कंडक्टरने मशीनमधून तिकीट फाडून दिलं. शिरूर आलं म्हणताना सहज बघितलं. सुपा ते पुणे, एक प्रवासी. त्याखाली, जिथे काही नसतं तिथे—

(प्रूव्ह करून जा)

कंडक्टरला दाखवलं. तो म्हणाला, काय दाखवताय, कोरं हाय. मागच्या सीटवरच्या माणसानेही कोरं म्हटलं.

घोड नदीच्या पुलाआधी उतरलो. पुलापलीकडे पुणे जिल्हा. अर्धा तास पुलाच्या तोंडाशी उभा होतो, पाय उचलेना. चोराला वेस ओलांडता येत नाही. समोरून आलेल्या एसटीने परत आलो. परतीचं तिकीट बघितलं नाही, खिडकीतून टाकून दिलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

उद्या तीन नंबर सुरू करायचंच, शेठचा हुकूम. बजरंग स्वतः चालवणार आहे.

ब्रॅकेटचा प्रोग्राम नव्याने केला. या वेळी वाइस मांडला, टूल त्याच्या वरून साठ मिलिमीटर उचललं. मशीनला पाठवला. मशीनवर बघतो तर बारा. जुन्या प्रोग्राममधला तोच बारा, म्हणजे थेट जबड्यावर. पुन्हा साठ केला. पुन्हा बारा. सात वेळा. वर (प्रूव्हन).

बजरंग ते वाचून निर्धास्त चालवणार. त्याला सांगावं तर का, ते सांगावं लागेल.

बजरंगला काही झालं तर तोही हलगर्जी ठरेल, आणि तीन नंबर कायमचं ताडपत्रीखाली जाईल. हा विचार माझा. कंसातून आलेला नाही. लिहून ठेवतो, माझाच.

बाईंच्या नावाने एक कागद लिहिला, सगळं कबूल करणारा. सही करायच्या आधी फाडला. माझं नाव लागलं तर मला कोण दारात उभं करील? मेलेला मेला, मला अजून जगायचंय.

केबिनच्या दारावरची माझी पाटी आज पुन्हा तिरकी आहे. नाव वाचलं. नावाच्या दोन्ही बाजूंना कंस आहेत.

२५ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी एक

जेवणाची सुट्टी. सगळे बाहेर. मी एकटा, तीन नंबरसमोर. वही कंट्रोलच्या फळीवर ठेवून लिहितोय.

बजरंगच्या आधी मीच प्रूव्ह करून टाकतो. एकेक ओळ. सिंगल ब्लॉक चालू, दिवा लागलेला आहे. एकदा बटण दाबलं की एक ओळ, मग मशीन थांबतं. बारा येईल तिथे हाताने साठ करीन. झालं की ‘प्रूव्हन’ खरं होईल. मग एलियाचं काही म्हणणं उरणार नाही.

दार बंद केलं आहे. प्रत्येक गोष्ट लिहून ठेवतोय. उद्या कुणी म्हणायला नको की न वाचता चालवला.

पहिली ओळ. ठीक.

दुसरी, तिसरी ठीक. टूल वर आहे.

चौथी, (टूल बघ रे राजा). बघितलं. ठीक आहे.

दार उघडं आहे. मी बंद केलं होतं. पुन्हा बंद केलं.

नववी ओळ. मशीन पुढे जात नाही. स्क्रीनवर—

(लिही)

काय लिहू

(लिही)

बटण दाबतोय, चालत नाही. बंद करायचं लाल बटणही दाबलं. काही नाही. दार पुन्हा उघडं. स्विचला तार आहे. तार नव्हती, सकाळी मी स्वतः—

पाय हलत नाहीत. पुलावर होते तसेच.

बरं. लिहितो.

११ ऑगस्ट २०२३चा तो प्रोग्राम मी, करण सोनवणे, लिहिला. मी तो कधीही चालवून बघितला नाही. तरी वर प्रूव्हन लिहिलं. एलियाने ते वाचलं आणि त्यावर विश्वास ठेवला. हलगर्जीपणा त्याचा नव्हता, माझा होता. १० फेब्रुवारीला त्या ओळी मी खोडल्या. १२ तारखेला एस्तेरबाईंना मी खोटं सांगितलं. करण सोनवणे.

सही केली. बस ना आता. बाईंना दे ही वही. उद्याच सुनावणी आहे, वेळेत मिळेल. झालं ना तुझं—

ओळ पुढे गेली.

(प्रूव्हन)

हो. प्रूव्हन. आता मला जाऊ—

सिंगल ब्लॉकचा दिवा गेला. मी हात लावलेला नाही. ओळी आपोआप पळताहेत, बारा दिसला, साठ करायला—

कंट्रोल ऐकत नाही

टूल वर जाऊन थांबलंय. जबड्याच्या बरोबर वर. एलिया, मी लिहिलं ना, सगळं लिहिलं

स्क्रीनवर एकच ओळ उरली. कंस उघडलाय, बंद केलेला नाही—

(वाच